कॅबिनेट विकण्याआधी

कोथरूड, पुणे

प्रिय ओंकार,


परवा फोनवर म्हणालास, "आत्या, ठरलं. पीसी विकतो आणि कन्सोल घेतो." मी काही बोलायच्या आत जाहिरातीसाठी काढलेले कॅबिनेटचे चार फोटोही येऊन पडले, आतले लाल-निळे दिवे लावून. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही. मी एक वाक्य बोलले की तू एक व्हिडिओ पाठवतोस. म्हणून हे पत्र. यात लिंक नाही. जेवण झाल्यावर निवांत वाच.

मी तुला अडवायला लिहीत नाहीये. हा उद्योग मी स्वतः केलाय आणि त्याचा पश्चात्ताप नाही. पण जे समजून केला होता तसं काही झालं नाही, झालं ते वेगळंच. तेवढं तुला आधी कळलेलं बरं.

२०२१ साली माझं ग्राफिक्स कार्ड गेलं. एका रात्री पडद्यावर हिरव्या चौकटी आल्या, पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरला आणि संपलं. एरवी दुसऱ्या दिवशी जाऊन नवं आणलं असतं. पण ते वर्ष आठव. चिपांचा तुटवडा, आणि कारखान्यातून जी काही कार्डं निघत होती ती क्रिप्टोवाले घाऊक उचलत होते. दुकानदाराने मधल्या दर्जाच्या कार्डाचा जो भाव सांगितला, त्यात अख्खा कन्सोल येत होता. अर्थात तोही कुठे सहज मिळत होता? प्लेस्टेशन ५ बाहेर नोव्हेंबर २०२०मध्ये आला, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ला, ४९,९९० रुपयांना. नोंदणी उघडायची आणि चहा ओतून होईपर्यंत बंद व्हायची. माझ्या हाती लागेपर्यंत दिवाळी आली. म्हणजे मी काही विचार करून वळले नाही, कार्ड मेलं म्हणून वळले. तुझं कार्ड जिवंत आहे, हा आपल्या दोघांतला पहिला फरक.

तू मला 'कट्टर पीसीवाली' म्हणून चिडवतोस, पण आपल्या घरात आधी कन्सोलच आला होता. नव्वदच्या दशकात तुझ्या बाबाने आणि मी मिळून हट्ट करून एक चिनी बनावटीचा डबा मिळवला. त्याच्या पिवळ्या कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं आणि आत मोजून वीसेक खेळ, तेच ते नावं बदलून. चालली नाही की काढायची, खाली फुंकर मारायची, परत खोचायची. बाबा 'कॉन्ट्रा'त माझे जीव उसने घ्यायचा आणि ते आजतागायत परत केलेले नाहीत. मग इंजिनिअरिंगला गेले आणि होस्टेलच्या खिडक्यांतून लॅनच्या वायरी टाकून 'एज ऑफ एम्पायर्स २' आणि 'काउंटर-स्ट्राइक' सुरू झालं. तिथून पुढे वीस वर्षं उजवा हात माउसवर आणि डावा डब्ल्यू-ए-एस-डीवर.

तू म्हणतोस, "पीसीची कटकट नको झालीय. ड्रायव्हर, अपडेट, प्रत्येक गेमला वेगळं सेटिंग." खरंय. पण एक विचारते, रागावू नकोस. ती कटकट तुला खरंच नकोय का? 'रेड डेड रिडेम्पशन २' कन्सोलवर २०१८च्या ऑक्टोबरात आला आणि पीसीवर वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ला. मी ते वर्ष दम धरून काढलं. आला त्या दिवशी उतरवून घेतला आणि चार संध्याकाळी सेटिंगच्या पानावर घालवल्या. सावल्या किती गडद, पाण्यात प्रतिबिंब किती, बर्फातल्या पाऊलखुणा किती खोल. एक गोष्ट बदलायची, दहा पावलं चालायचं, कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा बघायचा, परत मागे. सुरुवातीचा तो बर्फाळ डोंगर उतरून खाली हिरव्या मुलखात गेलेच नाही मी. दोष खेळाचा नव्हता. मला गोष्टीपेक्षा आकड्यात रस होता, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

कन्सोलवर तोच गेम लावला तेव्हा सेटिंगच्या पानावर करण्यासारखं काहीच नव्हतं. नव्या खेळांत फार तर दोन पर्याय, चित्र सुंदर हवं की हालचाल सुळसुळीत हवी. हात रिकामे पडले. पहिले पंधरा दिवस मला चक्क कंटाळा आला, आणि त्याला मी 'कन्सोल मजेशीर नाही' असं नाव दिलं. मग एका रविवारी तो डोंगर उतरले. पुढचे तीन महिने संपले कधी कळलं नाही. तुलाही तो पंधरवडा येणार आहे. तेव्हा मला फोन कर, लगेच विकायची जाहिरात टाकू नकोस. तुला जाहिराती टाकायची घाई फार.

आता अंगठ्यांबद्दल. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण हे कोणी नीट सांगत नाही. सगळे 'सवय होईल' म्हणतात आणि पुढे जातात.

पहिल्या संध्याकाळी मी जोशात बंदुकीचाच खेळ लावला. दारात एक शत्रू उभा, झोपेत असल्यासारखा. माउसवर असता तर डोळा लवायच्या आत आडवा. इथे मी स्टिक डावीकडे ढकलली, नेम त्याला ओलांडून भिंतीवर गेला. उजवीकडे आणली, पलीकडच्या खिडकीवर. घाबरून जोर लावला तर नजर थेट वर. शेजारी बसलेल्या सईने शांतपणे विचारलं, "आई, तू छताला का मारतेयस?"

कारण असं आहे. माउस हे अंतराचं यंत्र आहे. हात दोन इंच सरकला की नजर ठरलेल्या कोनातून वळते आणि थांबते. स्टिक हे वेगाचं यंत्र आहे. ती किती कलली त्यावर नजर किती जोरात फिरणार ते ठरतं, आणि तू सोडेपर्यंत ती फिरतच राहते. तुझा हात इतकी वर्षं 'कुठे' सांगायला शिकलाय, आता त्याला 'किती वेगाने आणि कधीपर्यंत' सांगायचंय. हे कौशल्य नवंच आहे, आणि चोविसाव्या वर्षी बालवाडीत बसायला लागतं म्हणून अंगावर येतं. व्हॅलोरंटमधला तुझा दर्जा इथे कोणी विचारत नाही.

जमतं कसं, तेही सांगते. नेम उजव्या अंगठ्याने पुरा करायचा नाही. अंदाजे त्या बाजूला नेऊन सोडायचा, आणि उरलेलं डाव्या अंगठ्याने, म्हणजे पात्राला एखादं पाऊल आडवं चालवून जुळवायचं. वळण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेव, अभिमान बाजूला ठेवून. आणि नेमाला मिळणारी मदत बंद करू नकोस. शत्रूजवळ येताच नेम किंचित जड होतो, मंदावतो. तू त्याला फसवणूक म्हणतोस, मला माहितेय, मीही म्हणायचे. पण २००१च्या 'हेलो'ने कंट्रोलरवर बंदुकीचा खेळ घरोघर रुजवला, त्यात या मदतीचा मोठा वाटा आहे. चष्मा लावून वाचणाऱ्याला आपण ढोंगी म्हणतो का?

आणि तीन एक्स! प्लेस्टेशनवर एक्स म्हणजे खालची फुली. एक्सबॉक्सवर एक्स डावीकडे. निन्टेन्डोवर वर. त्यात जपानात कित्येक वर्षं गोल म्हणजे 'हो' आणि फुली म्हणजे 'नाही' होतं. ते प्लेस्टेशन ५ला जगाप्रमाणे उलटं केलं. त्या लोकांच्या अंगठ्यांची दया येते मला.

पण हेच अंगठे काही गोष्टी अशा देतात की कीबोर्ड लाजेल. कीबोर्डवरचं बटण म्हणजे दिवा, चालू नाहीतर बंद. गाडीच्या खेळात तू डब्ल्यू दाबलास की पाय पूर्ण खाली. ट्रिगरला मात्र अर्धा, पाव, किंचित असे सगळे टप्पे असतात. 'ग्रान तुरिस्मो ७'मध्ये ओल्या रस्त्यावरच्या वळणातून बाहेर पडताना बोट जरा सैल सोडायचं आणि मग हळूहळू भरायचं, हे मला आमच्या गाडीच्या ड्रायव्हिंग क्लासनेसुद्धा इतकं नीट शिकवलं नव्हतं. सुरुवात अशाच खेळांपासून कर. गाड्या, उड्या मारायचे, तलवारीचे. बंदूक महिनाभर कपाटात ठेव.

अजून एक, कारण यावरून लोक उगाच कन्सोलला शिव्या घालतात. टीव्ही लावल्यावर सगळं चिखलातून चालल्यासारखं वाटलं तर आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन 'गेम मोड' चालू कर. टीव्ही चित्र गुळगुळीत करायला त्यावर स्वतःची कारागिरी करत बसतो. मालिका बघताना कळत नाही, पण बटण दाबल्यापासून उडी दिसेपर्यंत सेकंदाचा दहावा भाग निघून जाऊ शकतो. तुझ्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवरून येणाऱ्याला तो फार मोठा वाटतो. शिवाय बरेच खेळ सेकंदाला ६० फ्रेमचे, काही तर ३०चेच. तीसला प्रत्येक चित्र ३३ मिलिसेकंद पडद्यावर टिकतं. पहिले दोन दिवस डोळ्यांत खुपतं. तिसऱ्या दिवशी विसरतोस. चौथ्या दिवशी पीसीवर बसलास की पुन्हा आठवतं.

आता मुख्य मुद्दा. मला जे आधी कळलं नव्हतं ते हे, की कन्सोल घेतला म्हणजे गेम खोलीतून हॉलमध्ये आला.

पीसीवर माझी पाठ घराकडे असायची. कानाला हेडफोन, दार लोटलेलं, रात्री अकरा ते एक हे माझं राज्य. हरले तर मला आणि अमेरिकेतल्या कुठल्या तरी पोरालाच ठाऊक. हॉलमध्ये तसं नाही. साडेसात ते नऊ टीव्ही सासूबाईंचा, त्यात तडजोड नाही. त्यानंतर मी बसले की सगळे बघतात. एकाच राक्षसाच्या हातून मी चौदा वेळा मेले ते मोजलेलं आहे, आणि दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सासूबाईंनी विचारलंही, "त्याचं काय झालं गं, मेला का तो?" काय खेळायचं हेही घर ठरवतं. गोळीबार आणि रक्त सई झोपल्यावर. शिव्यांचे संवाद असलेले खेळ आवाज बारीक करून. ते माझं दोन तासांचं एकटेपण गेलं ते गेलंच, आणि मला त्याची अजून आठवण येते. हे तुझ्यापासून लपवणार नाही.

त्याच्या बदल्यात काय आलं? एका पावसाळी दुपारी, वीज नुकतीच परत आली होती, सई 'अॅस्ट्रोज प्लेरूम' खेळत होती. तो मशीनबरोबर फुकट येतो. त्यात एका ठिकाणी पाऊस पडतो आणि त्याचे थेंब कंट्रोलरच्या आत टपटपतात, म्हणजे कंपनं इतकी बारीक की तळहाताला वेगवेगळी जाणवतात. तिने तो आजीच्या हातात दिला. सासूबाईंनी तो पूजेच्या ताम्हनासारखा दोन्ही हातांनी धरला, पडद्याकडे बघितलंच नाही, नुसत्या हातांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे बंद करू नका, मी बसते जरा." माझ्या पीसीच्या खोलीत त्या इतक्या वर्षांत कधी आल्या नव्हत्या.

नवऱ्याबरोबर 'इट टेक्स टू' खेळले. २०२१चा आहे. एकट्याने खेळताच येत नाही, दुसरं माणूस लागतंच. त्यातलं जोडपं घटस्फोटाच्या उंबरठ्यावर असतं आणि बाहुल्यांच्या अंगात अडकतं. तुझे काका हिशेबाने उडी मारतात, म्हणजे उशिरा, आणि खाली पडले की माझ्याकडे बघतात. आम्ही त्या खेळात जेवढे भांडलो तेवढे संसारात नाही. पुरा केला मात्र. आणि 'राजी' आठवतो का? आपल्या पुण्यातल्या मुलांनी केलेला, धाकट्या भावाला शोधत निघालेल्या मुलीचा. २०२०च्या ऑगस्टमध्ये तो आधी निन्टेन्डोच्या स्विचवर आला, पीसीवर ऑक्टोबरमध्ये. दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात म्हटल्यावर सासूबाई शेवटपर्यंत बसल्या आणि मध्येमध्ये त्यांच्या चुकाही काढल्या.

म्हणून तुला माझा पहिला प्रश्न किमतीचा नाही. नाशिकच्या तुमच्या घरात टीव्ही कोणाचा आहे? बाबाचा. क्रिकेट असेल त्या दिवशी तू काय करणार? तू म्हणशील, मी माझ्या मॉनिटरलाच जोडतो. जोडता येतो. सप्टेंबर २०२२पासून १४४०पीचीही सोय झालीय. पण मग तू परत भिंतीकडे तोंड करून बसलास. पीसीतलं स्वातंत्र्य गेलं आणि हॉलमधली माणसंही आली नाहीत.

दुसरा प्रश्न, तुझ्या टोळीचं काय? रोज रात्री दहाला तुम्ही पाच जण व्हॅलोरंट खेळता. तो २०२४मध्ये कन्सोलवर आलाय हे खरं, पण कन्सोलवाले कन्सोलवाल्यांशीच खेळतात. पीसीवरच्या चौघांशी तुझी गाठ पडणार नाही. 'काउंटर-स्ट्राइक २' तर कन्सोलवर नाहीच. त्या चौघांतले दोघे तुझे शाळेपासूनचे मित्र, एक बंगळुरूला आणि एक जर्मनीत. रात्री दहाचा तो खेळ हीच तुमची भेट आहे, आणि कॅबिनेटबरोबर तू ती विकायला काढली आहेस. फोटो काढताना हे डोक्यात आलं होतं का?

बाकीचं भराभर लिहिते. स्टीमवर सेलमध्ये घेऊन ठेवलेले दोनशे खेळ तिकडे येत नाहीत, एकही नाही. आवडता असेल तर परत विकत घ्यायचा. नवा मोठा खेळ पाच हजारांच्या घरात जातो. पैसे देऊन घेतलेले बहुतेक खेळ ऑनलाइन मित्रांबरोबर खेळायचे तर वर्गणी वेगळी. पीसीवर ती कधी भरली नाहीस म्हणून खिशाला खुपेल. मॉड जवळजवळ विसर. आणि 'गॉड ऑफ वॉर'साठी कन्सोल हवाय म्हणतोस, तर २०१८चा तो खेळ जानेवारी २०२२ला पीसीवर आला. 'घोस्ट ऑफ त्सुशिमा' २०२०चा, मे २०२४ला आला. धीर असेल तर बरंच काही चालत येतं. सगळं नाही, 'ब्लडबोर्न'ची वाट बघत लोक २०१५पासून बसलेत.

तरीही घेणारच असशील, आणि घे म्हणतेच मी, तर डिस्कचा घे. दोन पैसे जास्त पडतात, पण डिस्क खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते, जुनी निम्म्यात मिळते. खातं भारताचंच उघड. डिस्क कुठलीही चालते, पण तिच्यावर पुढे घेतलेला वाढीव भाग त्याच प्रदेशाच्या खात्यावर लागतो. दुबईहून कोणी डिस्क आणेल तेव्हा हे आठव. तुमच्याकडे वीज जाते, तर पीसीचा यूपीएस विकू नकोस, तोच मशीनला लाव. कन्सोल झोपवून ठेवलेला असताना वीज गेली की तो पुढच्या वेळी 'नीट बंद का केला नाही' म्हणून शिक्षकासारखा ओरडतो आणि आतली साठवण तपासत बसतो. शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवू नकोस. मी ठेवला होता, दिसायला छान म्हणून. खेळताना तो दोनशे वॅटच्या आसपास ओढतो, ती सगळी उष्णता त्या कप्प्यात, आणि तासाभराने तापलोय म्हणून तक्रार. स्टिक कुठल्याही कंपनीची असो, आतला भाग घासून कधीतरी आपोआप एका बाजूला वाहायला लागते. पडद्यावरचं पात्र तुझं ऐकत नाही असं वाटलं तर स्वतःला दोष देऊ नकोस.

आणि हात शिवशिवले तर एक जागा आहे. माझ्या प्लेस्टेशन ५मध्ये ८२५ जीबी म्हणतात, खेळांना मिळते त्यातली साडेसहाशेच्या आसपास, आणि शंभर-शंभर जीबीचे खेळ सहासात झाले की भरलं. तेव्हा बाजूचं झाकण सरकवून, एक स्क्रू काढून, आपली एसएसडी आत बसवता येते. मी ते मुद्दाम सावकाश केलं, दुपारभर पुरवून.

तर माझं म्हणणं हे. तुला मशीनची कटकट नको म्हणून कन्सोल घेत असशील तर घेऊ नकोस, सहा महिन्यांत तू मॉनिटरचे रंग जुळवत बसशील, मी ओळखते तुला. घरातल्यांबरोबर बसायचं म्हणून घेत असशील तर जरूर घे. आणि दोन्ही बाबतींत पीसी ठेव. टोळी त्यावर आहे, तुझं कामही त्यावर चालतं, ताईची प्रोजेक्टं त्यावर होतात. ते कार्ड अजून तीन वर्षं सहज चालेल. पैसे कमी पडत असतील तर जुना कन्सोल बघ, नाहीतर माझ्याकडून उसने ने. बाबाने माझे 'कॉन्ट्रा'तले जीव बुडवले तसे बुडवू मात्र नकोस.

गणपतीत सगळे येणारच आहात. चार दिवस आमच्याकडेच खेळ, आजीच्या वेळा सांभाळून, आणि मग ठरव. तोपर्यंत ती जाहिरात काढून टाक. आजच काढ.

वहिनीला नमस्कार, बाबाला आठवण सांग.

तुझी,
आत्या

ता. क. एचडीएमआय केबल वेगळी आणू नकोस, खोक्यात असते. मी तपकीर गल्लीत जाऊन घासाघीस करून आणली होती. अजून पाकिटातच आहे.